ध्वनिमुद्रणापासून स्वरलेखनापर्यंत आणि तिथून चालींच्या तुलनेपर्यंत : कोकणातील लोकसंगीताच्या संग्राहकांसाठी मार्गदर्शक

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जाखडी (फेर धरून नाचत सादर होणारी गाणी), नमन, दशावतार, डबलबारी (दोन मंडळांच्या सामन्याचे) भजन, फुगडीची गाणी हे सारे संगीत कानावरून कानाकडे जाते. शब्द वहीत उतरवले जातात, पण चाल लिहून ठेवण्याची पद्धत जवळजवळ नाही. संगमेश्वरकडची एखादी गवळण आणि राजापूरकडची दुसरी गवळण एकाच चालीवर आहेत का, हे जाणकार बुवा किंवा शाहीर मुखडा ऐकताच सांगू शकतात. अडचण संख्येची आहे. संग्रहात ३०० ध्वनिमुद्रणे असतील, तर त्यांच्या ४४,८५० जोड्या होतात आणि इतक्या जोड्या कोणीही बसून ऐकू शकत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणातून स्वर आपोआप काढायचे, ते चिन्हांत मांडायचे आणि त्या चिन्हांची संगणकाकडून तुलना करवून घ्यायची, अशी पद्धत उपयोगी पडते.

या कामात एक गोष्ट सुरुवातीपासून ध्यानात ठेवावी लागते. पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची स्वरलिपी वाचून गाता यावे यासाठी आहे, त्यामुळे तिच्यात कण, मीड, खटका (स्वराला लागून येणारा स्पर्श, सरक आणि झटका) यांना जागा आहे. तुलनेसाठीच्या स्वरलेखनाची गरज निराळी आहे. दोन गायकांमध्ये सहज पडणारा फरक, म्हणजे पट्टी (सा कोणत्या उंचीवर धरला ते), लय, गळ्याची फिरत, त्यातून गाळला गेला पाहिजे आणि चालीला चाल बनवणारे स्वर त्यात टिकले पाहिजेत. पुढच्या प्रत्येक पायरीवर निर्णय घेताना हाच निकष लावावा.

एकच चाल म्हणजे काय, हे आधी ठरवा

संगणक सुरू करण्यापूर्वी हे काम करावे, कारण ते राहून गेले तर शेवटी हाती आलेल्या आकड्यांना अर्थ उरत नाही. मुखडा तोच पण अंतरा वेगळा असेल तर ती एकच चाल मानायची का? स्वर तेच पण ठेका बदललेला असेल तर काय? यांची उत्तरे संग्रहाच्या हेतूवर ठरतात. माझ्या मते मुखडा आणि अंतरा हे दोन स्वतंत्र घटक धरून तुलना करणे सर्वांत सुरक्षित आहे, कारण जाखडीत आणि भजनात ओळखीच्या मुखड्याला नवा अंतरा जोडणे ही रोजची गोष्ट आहे.

त्यानंतर संग्रहातील काही जोड्या कानाने निवडून त्यांचे तीन गट करावेत : निश्चितपणे एकच चाल, निश्चितपणे वेगळी चाल आणि मतभेद असलेल्या जोड्या. वीस-तीस जोड्यांपासून सुरुवात करता येते. निवड किमान दोन जाणकारांनी एकमेकांशी न बोलता करावी. जिथे त्यांचे मत जुळत नाही, ती जोडी तिसऱ्या गटात टाकावी. हा संच पुढे प्रत्येक निर्णयाची कसोटी ठरतो, म्हणून तो घाईने करू नये. निवडताना सोप्या जोड्याच तेवढ्या घेऊ नयेत. एकाच मंडळाने दोनदा गायलेले तेच गाणे जुळते यातून फारसे काही सिद्ध होत नाही. वेगळे गायक, वेगळी पट्टी आणि वेगळा ठेका असलेल्या जोड्या संचात हव्यातच.

ध्वनिमुद्रण आणि त्याची निगा

नवे ध्वनिमुद्रण करताना वेव्ह स्वरूप, ४४,१०० हर्ट्झ आणि किमान १६ बिट एवढे पुरेसे आहे. फोनवर मुद्रण करणार असाल, तर गोंगाट आपोआप कमी करणारी आणि आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय बंद करावी, कारण तिच्यामुळे ओळीच्या शेवटचे लांबवलेले स्वर दबतात आणि चालीच्या ओळखीसाठी नेमके तेच स्वर महत्त्वाचे असतात. जुनी मुद्रणे एमपीथ्रीत असली तरी ती टाकून देऊ नयेत. मूळ स्वराची वारंवारता अशा संकोचनातूनही बऱ्यापैकी शाबूत राहते. मात्र एमपीथ्रीचे वेव्हमध्ये रूपांतर केल्याने गेलेला तपशील परत येत नाही.

जाखडीत गायक-वादक मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. मायक्रोफोन फेराबाहेर ठेवला, तर घुंगरांचा आणि पायांचा आवाज गाण्याच्या वर येतो. त्यामुळे तो आत, मुख्य गायकाच्या जवळ आणि झांजेपासून शक्य तितका दूर ठेवावा. कर्ण्यातून आलेला आवाज मुद्रित करणे टाळावे. सादरीकरण सुरू होण्यापूर्वी पेटीवाल्यांना षड्ज (सा) काही सेकंद धरून ठेवण्याची विनंती करावी आणि पट्टी कोणती ते विचारून वहीत लिहावे. शक्य असेल, तर कार्यक्रमानंतर गायकाकडून मुखडा आणि एक अंतरा वाद्यांशिवाय गाऊन घ्यावा. हे दोन मिनिटांचे मुद्रण पुढचे कित्येक तास वाचवते. मंडळाची परवानगी आणि मुद्रणाचा उपयोग कशासाठी होणार आहे याची स्पष्ट कल्पना या गोष्टी अर्थातच सर्वांत आधी याव्यात.

जुन्या कॅसेटबाबत दोन सूचना आहेत. कॅसेट ठरावीक गतीपेक्षा सुमारे सहा टक्के वेगाने चालली, तर सारे गाणे एका अर्धस्वराने चढते. ही चूक संपूर्ण गाण्यात सारखी असेल, तर तिची चिंता करू नये, कारण पुढे सर्व स्वर षड्जापासून मोजले जाणार आहेत. गती मधेच डळमळत असेल तर मात्र षड्जच सरकत राहतो. असे गाणे तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याचा षड्ज वेगळा काढावा लागतो. दुसरी अडचण विजेच्या गुणगुणीची आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने गुणगुण ५०, १००, १५० हर्ट्झवर येते. काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरली, तर) खर्जाकडचा षड्ज १३८.६ हर्ट्झ आहे. त्याच्या हिशेबाने १५० हर्ट्झचा आवाज कोमल रे आणि शुद्ध रे यांच्या मध्ये पडतो, त्यामुळे गायक श्वास घेत असताना संगणक तिथे एक खोटा रे लिहून मोकळा होतो. या तीन वारंवारतांवर अरुंद चाळणी लावली की हा त्रास बराच कमी होतो.

गायकाचा आवाज वेगळा काढणे

ढोलकी, मृदंग, झांज आणि पेटी यांच्या गर्दीतून गळा वेगळा काढण्यासाठी डीमक्स आणि स्प्लीटर ही मोफत साधने उपलब्ध आहेत. दोन्ही साधने प्रामुख्याने पाश्चात्त्य धाटणीच्या संगीतावर शिकवलेली असल्याने झांजेचा काही भाग आणि पेटीचे स्वर गायनाच्या फाइलमध्ये गळतात. झांजेची गळती फार नुकसान करत नाही, कारण तिला स्थिर स्वर नसतो. पेटी गायकाबरोबर तेच स्वर वाजवत जाते, त्यामुळे तिची गळती कधीकधी उपयोगीही पडते. अडचण येते ती पेटी एकटी वाजते तेव्हा. दोन ओळींच्या मधला पेटीचा तुकडा गाण्याचा भाग समजला जातो. असे तुकडे हाताने कापावेत.

मुख्य गायकाची ओळ आणि कोरसने उचललेली ओळ यांचाही विचार इथेच करावा. अनेक गळे एकत्र येतात तेव्हा सूर अस्थिर होतो, पण अलंकरण मात्र जवळजवळ नाहीसे होते. म्हणून ज्या गाण्यात मुख्य गायक फार फिरत घेतो, त्या गाण्याचा सांगाडा कोरसच्या ओळीवरून काढणे अधिक भरवशाचे ठरते. सुरुवातीला प्रत्येक मुद्रणातून मुखड्याची दोन आवर्तने आणि एका अंतऱ्याची दोन आवर्तने एवढेच कापून घ्यावे. संपूर्ण अर्ध्या तासाची बारी संगणकाला देण्यात काही लाभ नाही.

स्वररेषा काढणे

स्वररेषा म्हणजे प्रत्येक क्षणी गायकाच्या आवाजाची मूळ वारंवारता किती होती, याची यादी. एकट्या गळ्यासाठी पी-यिन (२०१४) आणि क्रेप (२०१८) या पद्धती चांगल्या आहेत. पी-यिन ही २००२ सालच्या यिन पद्धतीची सुधारित आवृत्ती असून पायथॉन या संगणकभाषेच्या लिब्रोसा या संचात ती मिळते. क्रेप न्यूरल जाळ्यावर चालते आणि दर १० मिलिसेकंदांनी एक आकडा देते. वाद्ये वेगळी काढता आली नाहीत, तर मिश्र आवाजातून मुख्य सुरावट शोधणारी मेलोडिया वापरावी. बेसिक पिच हे २०२२ साली आलेले साधन थेट मिडी फाइल (स्वरांची संगणकीय यादी) देते आणि एकाच वेळी अनेक स्वरही ओळखते. ते झटपट पाहणीसाठी बरे आहे, पण मराठी गळ्यातील मीड आणि कण यांचे त्याने केलेले तुकडे आपल्या हाती राहत नाहीत, म्हणून मी स्वररेषा आणि तुकडे या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवण्याच्या बाजूचा आहे.

पायथॉन येत नसेल त्यांनी टोनी हा प्रोग्राम वापरावा. त्यात पी-यिनने काढलेली रेषा आणि स्वर पडद्यावर दिसतात, मूळ आवाजासोबत ऐकता येतात आणि चुकीचा स्वर तिथेच दुरुस्त करता येतो.

इथे शोधाच्या मर्यादा नीट घालाव्यात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र (खालच्या सप्तकातील) पंचम सुमारे १०४ हर्ट्झवर आणि तार (वरच्या सप्तकातील) पंचम सुमारे ४१६ हर्ट्झवर असतो. म्हणून खालची मर्यादा ९० आणि वरची ५०० ठेवल्यास बहुतेक चुका सुरुवातीलाच टळतात. भजनी बुवा पांढरी चारपर्यंत चढवून गात असतील, तर वरची मर्यादा ६०० करावी. काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रियांसाठी १५० ते ७५० ही मर्यादा योग्य आहे. सगळ्या मुद्रणांना एकच रुंद मर्यादा दिली, तर सप्तकाच्या चुका वाढतात, म्हणजे मध्य सप्तकातील स्वर मंद्र किंवा तार सप्तकात लिहिला जातो. एखादा स्वर अगदी थोड्या वेळासाठी नेमका एक सप्तक उडी मारून परत येत असेल, तर ती बहुतेक वेळा यंत्राची चूक असते आणि शेजारच्या स्वरांच्या सप्तकात तो आणून ठेवावा.

षड्ज ठरवणे

वारंवारतेचे आकडे थेट तुलनेला उपयोगाचे नाहीत, कारण दोन मंडळांची पट्टी क्वचितच एक असते. प्रत्येक आकडा षड्जापासूनच्या अंतरात बदलावा लागतो. हे अंतर सेंटमध्ये मोजतात. एका सप्तकाचे १२०० सेंट आणि एका अर्धस्वराचे १०० सेंट. सूत्र असे : स्वराच्या वारंवारतेला षड्जाच्या वारंवारतेने भागावे, भागाकाराचा २ या पायाचा लॉगरिदम घ्यावा आणि त्याला १२०० ने गुणावे. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ आणि गायलेला स्वर १७४.६ हर्ट्झ असेल, तर उत्तर ४०० येते, म्हणजे शुद्ध गंधार. दुसऱ्या गावी तीच चाल पांढरी चारमध्ये, म्हणजे १७४.६ हर्ट्झच्या षड्जावर गायली आणि तिथला स्वर २२० हर्ट्झचा असला, तरी उत्तर ४०० च येते. पट्टीचा फरक इथे पूर्णपणे नाहीसा होतो.

वहीत पट्टी लिहिलेली असली तरी षड्ज प्रत्यक्ष मोजूनच घ्यावा, कारण जुन्या पेट्यांचे सूर उतरलेले असतात. आधी धरून ठेवलेला षड्ज मुद्रणात नसेल, तर कोणत्या स्वरावर एकूण किती वेळ गेला याचा आलेख काढावा. सर्वांत उंच शिखर षड्जाचेच असेल असे मानू नये. ते पंचमाचे किंवा गंधाराचेही असू शकते. मुखडा कोणत्या स्वरावर येऊन स्थिरावतो ते पाहिले की बहुधा निर्णय होतो, आणि तरीही शंका उरली तर पेटीवाल्यांना विचारण्याइतका सोपा उपाय नाही. पंचमाला षड्ज मानण्याची चूक झाली, तर सगळे स्वर सात अर्धस्वरांनी सरकतात आणि त्या गाण्याची संग्रहातील प्रत्येक तुलना खोटी ठरते.

रेषेतून स्वर तोडणे

सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक पायरी ही आहे आणि इथे वेळ घालवणे योग्यच आहे. गळा पायरी-पायरीने चढत नाही. तो सरकतो, हेलकावतो, स्वराला खालून स्पर्श करून वर येतो. संगणकाने प्रत्येक आकडा जवळच्या अर्धस्वराला चिकटवला, तर काय होते ते एका शब्दापुरते पाहू. फुगडीच्या गाण्यातील एका शब्दावर दर ४० मिलिसेकंदांनी घेतलेले सेंटचे आकडे असे आहेत असे समजा : १९६, २०३, २०१, २४४, ३०९, ३५२, ३४७, ३५५, ३४९.

ऐकणाऱ्याला इथे दोनच स्वर ऐकू येतात : रे, आणि त्यावरून सरकत गाठलेला गंधार. तो गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध लागला आहे. जवळच्या अर्धस्वराला चिकटवल्यास मात्र पहिले चार आकडे रे होतात, ३०९ चा कोमल ग होतो, ३५२ चा शुद्ध ग, ३४७ चा पुन्हा कोमल, ३५५ चा शुद्ध आणि ३४९ चा कोमल. सलग सारखे स्वर एकत्र केल्यानंतरही दोनाचे सहा स्वर होतात, आणि त्यांतले चार गायिकेने गायलेलेच नाहीत. पेटीच्या साथीत असे मधले स्वर कमी आढळतात. साथीशिवाय गायलेल्या ओव्या आणि फुगड्या यांत ते अधिक सापडतात, आणि त्यांना चुकीचे समजून दुरुस्त करणे हा त्या गाण्यावर अन्याय आहे.

यावर उपाय तीन टप्प्यांत करावा. पहिला टप्पा गुळगुळीत करण्याचा : सुमारे ५० मिलिसेकंदांच्या खिडकीतील मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यावा, म्हणजे एकटेदुकटे भरकटलेले आकडे जातात. क, त, स यांसारख्या व्यंजनांमुळे रेषेत पडणाऱ्या तेवढ्याच लहान फटी जोडून घ्याव्यात. दुसऱ्या टप्प्यात बारा स्वरांची ठरीव चौकट बाजूला ठेवून त्या गाण्याचे स्वतःचे स्वर शोधावेत. षड्जासाठी काढलेलाच आलेख पुन्हा पाहावा. शिखरे ०, २०० आणि ३५० वर असतील, तर हे गाणे त्या तीन ठिकाणी उभे राहते एवढेच खरे, आणि ३५० च्या शिखराला ‘ग’ हे एकच चिन्ह देऊन त्याचे मोजलेले मूल्य शेजारी लिहून ठेवावे. तिसऱ्या टप्प्यात स्वर बदलण्याची अट घालावी. चालू स्वराच्या केंद्रापासून रेषा ६० सेंटपेक्षा जास्त दूर गेली आणि किमान ८० मिलिसेकंद नव्या शिखराजवळ राहिली, तरच नवा स्वर सुरू झाला असे धरावे. सरकण्यातला वेळ पुढच्या स्वराच्या खात्यात टाकावा. वरच्या उदाहरणाला हे नियम लावले की रे आणि ग एवढेच उरते. हे आकडे सुरुवातीचे आहेत. द्रुत लयीच्या गाण्यासाठी ८० चे ६० करावे लागतील आणि ते कानाने तपासूनच ठरवावे.

एक उलट प्रकारची चूकही जपावी लागते. तोच स्वर दोन अक्षरांवर दोनदा गायला गेला, तर रेषा सपाट राहते आणि यंत्राला एकच लांब स्वर दिसतो. चालीच्या ओळखीत अशा पुनरुक्तीला मोल असते. आवाजाच्या पातळीत अक्षरागणिक पडणारी खळी शोधून तिथे स्वर तोडावा.

माझा आग्रह दोन थर ठेवण्याचा आहे. तपशिलाच्या थरात कण, मीड, खटका यांसह सर्व स्वर राहावेत. सांगाड्याच्या थरात १०० मिलिसेकंदांपेक्षा लहान स्वर गाळून ठळक स्वरच ठेवावेत. तुलना सांगाड्यावर करावी, तपशील मागे राखून ठेवावा.

लय

लयीबाबत सुरुवातीला थोडक्यात भागवावे. जाखडीची लय शेवटाकडे चढत जाते आणि ठोका शोधणारी साधने अनेकदा दुप्पट किंवा निमपट लय सांगतात. म्हणून स्वराचा काळ सेकंदांत न ठेवता मात्रांत बदलावा. त्यासाठी आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात प्रत्येक आवर्तनाची सम (पहिली मात्रा) हाताने खूण करून घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. कापून घेतलेल्या चार आवर्तनांसाठी हे काम जड नाही. दोन समांमधील काळ आठाने भागला की लय कितीही चढली तरी मात्रांचा हिशेब बिघडत नाही.

साठवण आणि तपासणी

सर्वांत उपयोगी साठवण साध्या तक्त्याची असते : स्वराचे चिन्ह, षड्जापासूनचे सेंट, सुरुवातीची वेळ, लांबी मात्रांत, आणि समेपासूनची जागा. इतरांशी देवाणघेवाण करायची असल्यास मिडी किंवा म्युझिकएक्सएमएल फाइल करावी. मिडी १९८३ पासून रूढ आहे आणि तिच्यात १२८ क्रमांकांत सर्व स्वर बसवलेले असतात. प्रत्येक गाण्याचा षड्ज ६० या क्रमांकावर ठेवला की सर्व फाइली एका पट्टीत येतात. मात्र ३५० सेंटचा गंधार मिडीच्या क्रमांकात मावत नाही. म्हणून मूळ तक्ता कधीही पुसू नये.

तुलनेकडे जाण्यापूर्वी तयार झालेले स्वरलेखन संगणकाकडून वाजवून घेऊन मूळ मुद्रणासोबत ऐकावे. गाणाऱ्यांपैकी किंवा त्या परंपरेतील कोणी सोबत असल्यास उत्तम. चाल ओळखू येते का, एवढाच प्रश्न त्यांना विचारावा. त्याबरोबर काही गाण्यांचा एकेक मिनिट हाताने लिहून यंत्राच्या लेखनाशी ताडून पाहावा. स्वर ५० सेंटच्या आत आणि त्याची सुरुवात ५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर तो बरोबर धरण्याचा प्रघात या क्षेत्रात आहे. चुकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जातीकडे लक्ष द्यावे. विखुरलेल्या किरकोळ चुका तुलनेत बऱ्याच पचतात. सप्तकाची किंवा षड्जाची चूक पचत नाही.

तुलना

एक ओळ अशी घेऊ : सा रे ग ग रे सा नि़ सा. षड्जापासूनचे अर्धस्वर लिहिले तर ०, २, ४, ४, २, ०, −१, ०. दुसऱ्या गावची ओळ : सा रे ग म ग रे सा नि़ सा, म्हणजे ०, २, ४, ५, ४, २, ०, −१, ०. दोन्हींत फरक एवढाच की दुसऱ्या गायकाने दोन गंधारांच्या मध्ये मध्यम लावला.

अशा दोन ओळींतील अंतर मोजण्याची मूळ पद्धत व्लादिमीर लेव्हनश्टाइन यांनी १९६५ साली मांडली. एका ओळीची दुसरी ओळ करण्यासाठी कमीत कमी किती स्वर घालावे, काढावे किंवा बदलावे लागतील, ते मोजायचे. इथे मध्यम घातला की काम झाले, म्हणून अंतर १. लांब ओळीच्या ९ स्वरांनी भागले तर ०.११. आता स्वरांऐवजी त्यांच्यामधील अंतरे घेऊन पाहा. पहिली ओळ +२, +२, ०, −२, −२, −१, +१ अशी होते आणि दुसरी +२, +२, +१, −१, −२, −२, −१, +१. इथे शून्याच्या जागी +१ करावा लागतो आणि −१ घालावा लागतो, म्हणून अंतर २ आणि लांबीच्या हिशेबाने ०.२५. मध्ये आलेला एकच स्वर दोन अंतरे बदलतो, त्यामुळे अलंकरणाची शिक्षा दुप्पट होते. पुष्कळ लेखांत अंतरांवर तुलना करण्याचा सल्ला दिलेला आढळतो, कारण तिथे सूर कोणत्या पट्टीत आहे हे माहीत नसते. आपण षड्ज निश्चित केला असेल, तर स्वरांवरच तुलना करावी. षड्जाविषयी शंका असलेल्या मुद्रणांसाठी बाराही अर्धस्वरांनी सरकवून सर्वांत कमी येणारे अंतर घ्यावे, आणि ते शून्याखेरीज दुसऱ्या सरकावावर आले तर षड्ज पुन्हा तपासावा.

याहून ढोबळ मापही हाताशी असावे. फक्त चढ, उतार आणि सपाट (तोच स्वर पुन्हा) एवढेच लिहिले, तर पहिली ओळ चढ, चढ, सपाट, उतार, उतार, उतार, चढ अशी होते. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली सुरावटींचा कोश याच तत्त्वावर रचला. मोठ्या संग्रहात पहिली चाळणी म्हणून हे माप फार वेगवान आहे, पण लहान ओळींत ते कोणालाही कोणाशीही जुळवते, म्हणून त्यावर निकाल देऊ नये.

साध्या मोजणीत दोन सुधारणा कराव्यात. सर्व बदल सारखे नसतात : शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार आला तर थोडी किंमत आणि पंचम आला तर पूर्ण किंमत लावावी. तसेच समेवरचा लांब स्वर गहाळ होणे आणि मधला अर्ध्या मात्रेचा स्वर गहाळ होणे यांत फरक करावा. स्वराचे मोल त्याच्या लांबीप्रमाणे धरण्याची ही कल्पना मोंजो आणि सांकॉफ यांनी १९९० साली सविस्तर मांडली आणि लोकसंगीतासाठी ती अजूनही मला सर्वांत योग्य वाटते. वरच्या उदाहरणातील मध्यम पाव मात्रेचा असेल, तर अंतर आणखी कमी होऊन कानाच्या निवाड्याजवळ येते. एका गाण्याचा मुखडा दुसऱ्या लांब गाण्यात कुठेतरी दडला आहे का, हे पाहायचे असल्यास स्मिथ आणि वॉटरमन यांची १९८१ सालची स्थानिक जुळणीची पद्धत वापरावी. ती जैविक रेणूंच्या साखळ्यांसाठी तयार झाली होती, पण स्वरांच्या साखळ्यांनाही तशीच लागू पडते.

आकडे आले की कोणत्या आकड्याखाली ‘एकच चाल’ म्हणायचे, हा प्रश्न येतो. त्याला सर्वत्र चालणारे उत्तर नाही. सुरुवातीला कानाने केलेल्या गटांकडे परत जावे. एकच चाल असलेल्या जोड्यांचे आकडे आणि वेगळ्या चालींचे आकडे शेजारीशेजारी मांडले की त्यांची सरमिसळ कुठे होते ते दिसते. त्याशिवाय प्रत्येक गाण्याचे स्वर उलटसुलट क्रमाने पिसून त्यांचीही तुलना करून पाहावी. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या चाली केवळ स्वर कमी असल्यानेही एकमेकींसारख्या दिसतात. पिसलेल्या स्वरांचे अंतरही जवळजवळ तेवढेच येत असेल, तर ती जुळणी क्रमाची नसून फक्त स्वरसंचाची आहे.

‘हो’ किंवा ‘नाही’ असा निकाल मागण्यापेक्षा प्रत्येक गाण्यासाठी सर्वांत जवळची दहा गाणी काढावीत, असे मी सुचवेन. ३०० गाण्यांसाठी ४४,८५० जोड्यांऐवजी फार तर ३,००० जोड्या ऐकाव्या लागतात, आणि त्या ऐकणारा माणूसच निर्णय देतो. जवळ आलेल्या जोडीतही कोणी कोणाकडून चाल घेतली, हे आकड्यातून कळत नाही. दोन्ही मंडळांनी ती एखाद्या चित्रपटगीतावरून घेतलेली असू शकते, आणि डबलबारीत तर हे उघडपणे केले जाते. म्हणून परिसरात लोकप्रिय असलेल्या चित्रपटगीतांच्या मुखड्यांचे सांगाडेही हाताने लिहून संग्रहात घालावेत. ज्या जोडीतील दोन्ही गाणी अशा एखाद्या तिसऱ्या सांगाड्याला एकमेकांपेक्षा जवळ असतील, तिच्यावर तशी नोंद करावी. शेवटी प्रत्येक निकालासोबत षड्जाची वारंवारता, स्वर तोडताना वापरलेले आकडे, बदलांच्या किमती आणि ऐकून निर्णय देणाऱ्या जाणकारांचे मत लिहून ठेवावे, म्हणजे उद्या दुसऱ्या तालुक्यातील मुद्रणे आली की तीच मोजणी त्यांच्यावरही करता येईल.